‘हे वाच, मग बोलू’

१९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका शाळकरी मुलाला त्याच्या मित्रानं नारायण धारपांची एक भयकथा सांगितली. ऐकणाऱ्याची पाचावर धारण बसली. तो मुलगा म्हणजे राही अनिल बर्वे. चार वर्षांनी, जेमतेम अठराव्या वर्षी, त्यांनी एका चित्रपटाचा पहिला खर्डा लिहिला. तो चित्रपट पडद्यावर यायला २०१८ साल उजाडलं. ‘तुंबाड’ हे नाव त्यांनी श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलं, पण भीतीचं बीज जंगलातल्या त्या रात्रीचं होतं. पुढं बर्वे यांनी धारपांची मूळ कथा मिळवून वाचली, तेव्हा त्यांना ती बरीच साधी वाटली. आपल्याला घाबरवलं होतं ते मित्राच्या सांगण्यानं, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

धारपांची ती कथा ‘आजी’. तिच्यामागे स्टीफन किंगची ‘ग्रॅमा’ ही १९८४ची कथा उभी आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात राहणाऱ्या लेखकाची कल्पना पुण्यातल्या लेखकानं आपलीशी केली, ती एका वाचकाच्या तोंडून विदर्भातल्या जंगलात पोचली आणि अखेर व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा पडदा तिनं उघडला. या प्रवासात प्रकाशक आहेत, निर्माते आहेत, पण ज्याच्यावाचून पुढचं काहीच घडलं नसतं तो दुवा म्हणजे आवडलेली गोष्ट मित्राला सांगितल्याशिवाय न राहवलेला एक मुलगा.

आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. रहस्यकथा आणि अद्भुतकथा मित्रांनी एकमेकांना सुचवणं. स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय काहींना हलका वाटेल. तो हलका नाही. कवितेला अभ्यासक्रमाचा आधार असतो, सामाजिक कादंबरीला पुरस्कारांचा आणि परिसंवादांचा. या दोन प्रकारांना मराठीत यातलं फार थोडं मिळालं. तरीही लाखो माणसांनी ते वाचले आणि पुढच्या पिढीला दिले. हे झालं ते जवळजवळ सगळं ‘हे वाच, मग बोलू’ एवढ्याच शिफारशीवर.

मराठी कादंबरीला अगदी सुरुवातीच्या काळातच अद्भुताची ओढ लागली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. त्यांच्या पश्चात विष्णुशास्त्र्यांनी आणि हरि कृष्ण दामले यांनी ते काम तडीस नेलं. ज्या विष्णुशास्त्र्यांना आपण ‘निबंधमाले’मुळं ओळखतो, त्यांनी वडिलांचं हे जिनांचं आणि जादूच्या दिव्यांचं काम अर्धवट सोडलं नाही, हे विसरता कामा नये.

पुढं गो. ना. दातार आले. रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांवर त्यांनी ‘कालिकामूर्ती’, ‘बंधुद्वेष’, ‘इंद्रभुवनगुहा’, ‘शापविमोचन’ असा अस्सल देशी थाटाचा संसार उभा केला. भुयारं, गुप्त दरवाजे, वेषांतरं, हरवलेले वारस. नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ची. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचं खरं नाव. शिकारीच्या नादात सिंहगडाच्या कड्यावरून ते कोसळले आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. अंथरुणाला खिळलेल्या त्या काळात त्यांनी वाचनाचा सपाटा लावला आणि त्यातून ते लेखनाकडे वळले. हिंडण्याफिरण्याची हौस असलेल्या माणसाचे पाय गेल्यावर त्यानं लिहिलेली साहसं वाचकांनी शंभर वर्षं वाचावीत, यात जे काही आहे ते कोणत्याही समीक्षेपेक्षा मोठं आहे. ‘वीरधवल’ वाचलेल्या कुणालाही विचारावं की हे तुम्हाला कुणी दिलं. आजोबा, मामा, शेजारचा दादा, असं एखादं माणूस निघतंच.

आता बाबूराव अर्नाळकरांकडे यावं. चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६, मृत्यू १९९६, आणि दोहोंच्या मध्ये हजाराहून अधिक रहस्यकथा. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. त्यांचा कॅप्टन दीप, त्यांचा गोलंदाज. म्हणजे दोन लेखकांची मिळून दोन हजारांवर पुस्तकं, बहुतेक छोट्या आकाराची, एका बैठकीत संपणारी, एकसारख्या भडक वेष्टनातली. वर्तमानपत्रात त्यांची परीक्षणं येत नसत. कोणतं सरस, कोणतं घाईत उरकलेलं, कोणत्यात झुंजारला पहिल्यांदा खरोखर हार मानावी लागते, हे वाचकाला कळणार कुठून?

मित्राकडून. तेवढा एकच मार्ग होता.

प्रत्येक आळीत, प्रत्येक चाळीत, प्रत्येक वर्गात एखादा असा असायचा की ज्याला सगळं पाठ असे. अमुक पुस्तक घे, तमुक राहू दे, त्याचा पुढचा भाग आधी वाचू नकोस. हा मुलगा एरवी अभ्यासात मागे असेल, पण या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा. अर्नाळकरांच्या साहित्याची खरी सूची अनेक वर्षं अशाच लोकांच्या डोक्यात होती. ग्रंथसूचीकारांनी ती कागदावर आणण्याचे प्रयत्न फार उशिरा झाले, आणि तोवर पुस्तकं फाटून गेली होती, माणसंही गेली होती.

या देवघेवीचा पुरावा बघायचा असेल तर जुन्या सर्क्युलेटिंग लायब्ररीतलं एखादं पुस्तक हातात घ्यावं. मूळ वेष्टन बहुधा नसतंच. जाड पुठ्ठ्याची बांधणी, दोऱ्यानं इतकी आवळून शिवलेली की आतल्या बाजूची अक्षरं वाचायला पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरावं लागतं. मागे तारखांची चिठ्ठी, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. कोपरे बोटांनी काळवंडलेले. एखाद्या ठरावीक पानावर शिसपेन्सिलीच्या बारीक खुणा: कुणाची फुली, कुणाचं वर्तुळ, कुणाचं आद्याक्षर. ‘हे आपण वाचलंय’ हे पुढच्या वेळी चटकन ओळखता यावं म्हणून सभासद अशा खुणा करत. समासात मधूनच ‘मस्त’ किंवा ‘थापा’ असा शेरा. हे शेरे लिहिणारे एकमेकांना कधी भेटले नसतील, पण पुस्तक निवडताना पुढचा माणूस ते वाचायचा आणि त्यावर भरवसा ठेवायचा. ग्रंथालयाच्या नियमात बसत नसलं, तरी मराठी रहस्यकथेची सर्वांत प्रामाणिक समीक्षा या समासांत लिहिली गेली आहे. तिचा कुणीतरी नीट अभ्यास केला पाहिजे.

मासिकांचा वाटाही मोठा. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’नं गूढाला आणि साहसाला हक्काचं घर दिलं, ‘धनंजय’च्या दिवाळी अंकानं रहस्यकथेला. रत्नाकर मतकरी, नारायण धारप यांच्या कथा घेऊन अंक आले की फराळाच्या ताटाशेजारी वाचनाची पाळी लागायची. घरात एक अंक आणि वाचणारे चार. आधी ज्यानं वाचलं त्याच्यावर एक बंधन येई: बोलायचं नाही. तोंडावरचे भाव बघून बाकीचे अंदाज बांधत.

या बंधनाविषयी थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण रहस्यकथेची शिफारस हे मोठं अवघड काम आहे. ‘काय आहे त्यात?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं आणि जे सर्वांत चांगलं आहे तेच लपवायचं. लंडनमध्ये ॲगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ १९५२च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालं. खुनी कोण हे बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रयोग संपल्यावर नटच प्रेक्षकांना करतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षक ती बऱ्याच अंशी पाळत आले आहेत. नाटक बघणारा प्रत्येक जण असा कटात सामील होतो. हिचकॉकनं १९६०मध्ये ‘सायको’च्या वेळी प्रेक्षकांना हेच बजावलं होतं, शिवाय चित्रपट सुरू झाल्यावर कुणाला आत सोडायचं नाही, असा दंडकही घातला होता. ख्रिस्तीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ला २०२६ साली शंभर वर्षं होतात. ती वाचलेला माणूस न वाचलेल्याशी तिच्याबद्दल बोलतो तेव्हा त्याची जीभ किती सावधपणे चालते ते बघावं. ‘शेवटपर्यंत वाच,’ यापलीकडे तो जात नाही. शंभर वर्षांनंतरही अनोळखी माणसाच्या आनंदासाठी तोंड बंद ठेवणं, हा वाचकांनी एकमेकांशी केलेला फार सुंदर करार आहे.

हा करार मोडणारेही असतातच. लायब्ररीच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवणारा माणूस बहुतेक वाचकांना कधी ना कधी भेटला आहे. त्यानं एका ओळीत पुढच्या दोनशे वाचकांचं नुकसान केलेलं असतं.

अद्भुतकथेची अडचण निराळी. तिथं लपवायचं फारसं नसतं. नवख्याला उंबरठा ओलांडायला लावणं हेच खरं काम. अनोळखी नावं, अनोळखी प्रदेश, सुरुवातीला जोडलेला नकाशा, आणि पहिली पन्नास-साठ पानं तर काहीच कळत नाही. इथं मित्राच्या ‘जरा दम धर, मग सुटशील’ या आश्वासनावर वाचक पुढं जातो. पुस्तकावरचा भरवसा नंतर येतो. आधी माणसावरचा भरवसा कामाला येतो.

जगातल्या सर्वांत प्रसिद्ध अद्भुतकथेचा जन्म असाच मित्रांच्या हातांतून झाला, हे तपशिलात बघण्याजोगं आहे. ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सन शिकवणारे जे. आर. आर. टॉल्किन यांनी आपल्या मुलांसाठी एक गोष्ट रचली होती. तिचं टंकलिखित ते मोजक्या लोकांना वाचायला देत. १९३३च्या सुरुवातीला ते सी. एस. लुईस यांच्या हाती पडलं. लुईस यांनी लगेच बेलफास्टच्या आर्थर ग्रीव्ह्ज या बालमित्राला पत्रातून कळवलं की, टॉल्किननं नुकतीच लिहिलेली मुलांची गोष्ट वाचताना आपला वेळ मोठ्या आनंदात गेला. हा ग्रीव्ह्ज कोण? १९१४मध्ये लुईस त्याला पहिल्यांदा नीट भेटले, तेव्हा तो आजारी होता आणि त्याच्या उशाशी नॉर्स पुराणकथांचं पुस्तक पडलं होतं. तेच पुस्तक लुईस यांचंही लाडकं. त्या क्षणी जुळलेली मैत्री लुईस यांच्या मृत्यूपर्यंत टिकली, आणि पन्नास वर्षं दोघं एकमेकांना काय वाचलं ते कळवत राहिले. १९१६मध्ये लेदरहेड स्टेशनवरच्या पुस्तकाच्या ठेल्यावर लुईस यांना जॉर्ज मॅकडोनाल्डची ‘फँटॅस्टीज’ मिळाली, तेव्हाही पहिली बातमी ग्रीव्ह्जलाच गेली.

टॉल्किन यांची गोष्ट मात्र अजून अपुरी होती. ती त्यांच्या माजी विद्यार्थिनीनं, एलेन ग्रिफिथ्सनं, वाचली होती. १९३६मध्ये तिनं अ‍ॅलन अँड अन्विन या प्रकाशनसंस्थेत काम करणाऱ्या आपल्या ओळखीच्या सुझन डॅग्नलला ती मागून घ्यायला सुचवलं. डॅग्नलनं टंकलिखित वाचलं आणि टॉल्किन यांना ती पूर्ण करायचा आग्रह केला. मग प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी ती आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिली. एका शिलिंगाच्या बोलीवर रेनरनं अभिप्राय लिहिला: पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना ही आवडेल. २१ सप्टेंबर १९३७ रोजी ‘द हॉबिट’ निघालं. पहिल्या आवृत्तीच्या दीड हजार प्रती डिसेंबरपर्यंत संपल्या. पुढं हाच रेनर मोठा होऊन वडिलांच्या संस्थेत आला आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ छापावं म्हणून वडिलांपाशी उभा राहिला. हजार पौंडांचा तोटा होईल, पण पुस्तक थोर आहे, असा त्याचा अंदाज होता. त्यातला तोट्याचा भाग साफ चुकला. आज ते पुस्तक मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादातून ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावानं मराठीतही आहे.

या सगळ्या साखळीत एकही समीक्षक नाही. मित्र, विद्यार्थिनी, तिची ओळखीची बाई, एक लहान मुलगा. टॉल्किन यांनी पुढं लुईस यांच्याविषयी कृतज्ञतेनं लिहिलं, त्यातही त्यांचा रोख लुईस यांच्या प्रभावावर नव्हता, सततच्या प्रोत्साहनावर होता. आपलं लेखन हा खाजगी छंद राहू नये, असं वाटायला लावणारा बराच काळ तो एकटाच माणूस होता.

पण मित्रांचं पटलंच पाहिजे असं नाही. लुईस यांनी ‘नार्निया’ लिहायला घेतली, तेव्हा टॉल्किन यांना ती मुळीच रुचली नाही. निरनिराळ्या पुराणकथांतली पात्रं एकत्र कोंबणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. उलट इंकलिंग्ज या त्यांच्या मंडळात ह्यूगो डायसन यांना टॉल्किन यांचे एल्फ नकोसे व्हायचे, इतके की डायसन आले की वाचन थांबवायची वेळ यायची. तरी गुरुवारच्या रात्री लुईस यांच्या मॉडलेन कॉलेजातल्या खोलीत आणि मंगळवारी सकाळी ‘ईगल अँड चाइल्ड’ या पबमध्ये ही माणसं वर्षानुवर्षं जमत राहिली. एखाद्यानं सुचवलेलं पुस्तक दुसऱ्याला आवडलं नाही म्हणून मैत्रीला बाधा येत नाही. उलट तो माणूस कुठं थांबतो, हे त्यामुळं कळतं, आणि पुढची शिफारस जास्त अचूक होते. आवडलं नसताना ‘छान आहे’ म्हणणारा मित्र मात्र या व्यवहारात काही उपयोगाचा नाही.

थरारक कादंबरीतही हेच. १९५५मध्ये जॉन केनेडी आजारपणातून सावरत होते. शेजारपाजारच्या ओळखीतल्या ओट्सी लायटर या बाईंनी त्यांना इयन फ्लेमिंगची ‘कसिनो रॉयल’ वाचायला दिली. १९६०मध्ये याच बाईंनी फ्लेमिंगची आणि केनेडींची गाठ घालून दिली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ‘लाइफ’ नियतकालिकानं अध्यक्षांच्या दहा आवडत्या पुस्तकांची यादी छापली. राजकारण आणि चरित्रांच्या त्या यादीत ‘फ्रॉम रशिया, विथ लव्ह’ होतं. तोवर अमेरिकेत बेताचा खप असलेला जेम्स बाँड त्यानंतर दुकानादुकानांत दिसू लागला. श्रेय यादीला मिळालं. ते थोडं त्या बाईंनाही मिळायला हवं.

मराठीत आज परिस्थिती वाईट आहे असं मुळीच नाही. साकेत प्रकाशनानं धारपांची पुस्तकं पुन्हा उपलब्ध केली आहेत. स्टोरीटेलवर धारप ऐकता येतात, आणि रात्री दिवा मालवून त्यांच्या समर्थ या नायकाची कथा ऐकणारी तरुण मुलं दुसऱ्या दिवशी मित्रांना तिचं नाव सांगतात. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’वरचा चित्रपट २०१३मध्ये आला, तेव्हा त्यामागून अनेकांनी त्यांचा दारा बुलंद आणि मंदार पटवर्धन शोधून काढले. २०२४च्या सप्टेंबरमध्ये ‘तुंबाड’ पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा त्यानं पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. सहा वर्षं माणसं एकमेकांना ‘बघितला नाहीस?’ म्हणून विचारत राहिली होती, त्याचं ते फळ.

काळजी आहे ती मागच्या पिढीच्या पुस्तकांची. धारप, मतकरी, शिरवळकर वाचले, टिकले. दातारांची सगळी पुस्तकं आज सहज मिळत नाहीत. अर्नाळकरांच्या आणि नाईकांच्या शेकडो कथा एका आवृत्तीवरच थांबल्या. स्वस्त कागद पिवळा पडतो, कडक होतो, दुमडला की तुटतो. लायब्ररी बंद होते तेव्हा ‘नामवंतांची’ पुस्तकं दुसऱ्या वाचनालयात जातात आणि रहस्यकथांचे गठ्ठे किलोच्या भावानं निघतात. ज्या माणसांच्या डोक्यात त्यांची सूची होती ती आता सत्तरीच्या, ऐंशीच्या घरात आहेत. ती काय वाचायची, कुणाच्या सांगण्यावरून वाचायची, एक पुस्तक किती हातांतून जायचं, हे त्यांच्याकडून लिहून घेण्याचं काम कोणत्याही मराठी विभागाला शोभेल असं आहे. विद्यार्थ्यांना त्यासाठी शहर सोडून जावं लागणार नाही. घरातल्या आजोबांपाशी, आत्यापाशी बसलं तरी काम सुरू होईल.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. गावोगावची सार्वजनिक वाचनालयं वेगळीच. या संस्थांनी मराठीतलं पुष्कळ काही जपलं आहे, आणि या पुस्तकांनाही त्यांच्या कपाटात मानाची जागा मिळावी. ती मिळण्यासाठी पुस्तकं आधी तिथवर पोचली पाहिजेत. घरच्या माळ्यावर, ट्रंकेत, गावच्या फडताळात अर्नाळकर, दातार, गुरुनाथ नाईक, ‘नवल’चे जुने अंक असतील, तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी ते जवळच्या ग्रंथपालांना दाखवावेत. आणि देताना पहिल्या पानावर, खुन्याचं नाव सोडून, एक नाव जरूर लिहावं: हे पुस्तक आपल्याला पहिल्यांदा कुणी वाचायला दिलं होतं त्याचं.